महागुरूंचा मायटर आणि सुताराचा मायटर

(सुवर्णमहोत्सवाच्या नोव्हेनांत, महागुरुस्वामींच्या आगमनापूर्वीं, धर्मग्रामांतील श्रद्धावंतांपुढें केलेलें भाषण)



येत्या रविवारीं आपले महागुरुस्वामी सुवर्णमहोत्सवाची मिस्सा अर्पण करण्याकरितां येथें येत आहेत. त्यांच्या मस्तकावर जें उंच, दोन शिखरांचें शिरोभूषण असतें त्यास इंग्रजींत ‘मायटर’ म्हणतात, आणि आपण मराठी कॅथलिक लोकही बहुधा तोच शब्द वापरतों. घरोघरीं मुलें ‘बिशपांची टोपी’ म्हणतात तें निराळें. आतां मौज अशी कीं, आपल्या धर्मग्रामांत जीं थोडीं घरें सुतारकामावर पोट भरतात त्यांच्या तोंडींही हा शब्द नेहमीं असतो. चौकटीच्या दोन पट्ट्या कोपऱ्यांत तिरप्या कापून एकमेकींस भिडविल्या, म्हणजे त्या सांध्यास ते ‘मायटर’ म्हणतात. ह्या दोन मायटरांचा एकमेकांशीं कांहीं संबंध आहे, कीं नुसता योगायोग, असा प्रश्न आपल्यापैकीं एका तरुण कारागिरानें मला केला. प्रश्न लहान दिसतो. पण त्याचें उत्तर शोधतांना पुष्कळ दूर जावें लागतें, आणि परत येतांना वाट आपल्याच धर्मग्रामाच्या एका दुखण्यावरून जाते. तें दुखणें कोणतें हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याचें नांव मी यथाकाल घेईनच.

प्रथम शब्दाची कुळकथा पाहूं. ‘मायटर’ हा इंग्रजी उच्चार झाला. लॅटिन भाषेंत तोच शब्द ‘मित्रा’ असा आहे, आणि लॅटिननें तो ग्रीकांपासून घेतला. ग्रीकांचा मित्रा म्हणजे मुळांत टोपी नव्हेच. तो एक पट्टा. होमर कवीच्या इलियड महाकाव्यांत योद्धे पोटाचें रक्षण व्हावें म्हणून जो पट्टा बांधीत त्यास हें नांव आहे. पुढें स्त्रियांच्या केंसांच्या फितीस, आणि त्याहूनही पुढें डोक्यास गुंडाळावयाच्या वस्त्रास तेंच नांव पडलें. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांतील इतिहासकार हिरोडोटस याने बाबिलोनच्या लोकांचें वर्णन केलें आहे. ते केंस लांब राखीत व डोक्याला मित्रा गुंडाळीत, असें तो सांगतो. आपल्या मराठवाड्याच्या भाषेंत सांगावयाचें तर तो फेटाच झाला. यास्तव, रविवारीं महागुरूंना फेटा बांधावा कीं नाहीं, तें आपल्या धर्मास शोभेल काय, असा जो वाद मध्यंतरीं निघाला होता, त्यांत भाग घेणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, मायटराचा पूर्वज शोधूं गेल्यास तो कडक, उभ्या टोपीपेक्षां आपल्या फेट्यालाच अधिक जवळचा निघतो.

जुन्या करारांतही हाच प्रकार. निर्गमाच्या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायांत अहरोन याजकाच्या पवित्र वस्त्रांचें वर्णन आहे. तेथें त्याच्या शिरोवस्त्राकरितां बायबलाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनीं ‘मित्रा’ हा शब्द योजिला, आणि मराठी भाषांतरकारांनीं ‘मंदील’. मला हें मराठी भाषांतर फार आवडतें. मंदील म्हणजे मानाच्या पोशाखांतील जरीचें पागोटें. ज्यांनीं हा शब्द निवडला त्यांनीं परक्या देशाची वस्तू उचलून आपल्या अंगणांत ठेवली नाहीं, तर आपल्याच पेटींतील वस्तू काढून देवाच्या सेवेस लाविली. त्या मंदिलाच्या पुढच्या बाजूस, कपाळावर, शुद्ध सोन्याची एक पट्टी निळ्या फितीनें बांधलेली असे, आणि तिच्यावर याजक परमेश्वराचा आहे अशा अर्थाचीं अक्षरें कोरलेलीं असत. पाहा, येथेंही पुन्हां बांधणें आलेंच.

आपल्यापैकीं ज्यांना संस्कृताचा थोडा परिचय आहे त्यांच्या मनांत एव्हांना आपला ‘मित्र’ शब्द आला असेल. ग्रीक मित्रा आणि आपला मित्र हे दोन्ही ‘बांधणें’ ह्या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूपासून निघाले असावेत, असें कांहीं भाषापंडित मानतात. कांहींना तें मान्य नाहीं. १९०७ सालीं फ्रेंच पंडित आंत्वान मेये यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, वेदांतील मित्र शब्दाचा मूळ अर्थ करार, म्हणजे दोन पक्षांना बांधणारा शब्द. पंडितांचा निकाल काय व्हावयाचा तो होवो. मात्र आपल्या सुतारांच्या नांवाविषयीं एवढा वाद नाहीं. सुतार म्हणजे मूळचा सूत्रधार; लांकडावर सूत धरून रेघ मारणारा तो सूत्रधार. एकाच्या नांवांत सूत, दुसऱ्याच्या डोक्यावरील वस्तूच्या नांवांत फीत!

आतां दुसऱ्या एका गोष्टीकडे वळतों, आणि ती थोड्या तीव्र शब्दांत बोलावी लागेल. आपल्या तरुणांच्या मोबाइलवर एक चित्र फिरत असतें. एका बाजूस उघड्या तोंडाच्या माशाचें डोकें घातलेली बाबिलोनी मूर्ति, आणि दुसऱ्या बाजूस मायटर घातलेले पोपमहाशय. खालीं मजकूर असा कीं, कॅथलिक बिशप हे पलिष्ट्यांच्या दागोन नांवाच्या मत्स्यदेवाची टोपी घालतात. खेड्यापाड्यांतील आमच्या भोळ्या माणसांना हें दाखवून त्यांची श्रद्धा डळमळविण्याचा उद्योग कांहीं मंडळी करीत असतात. हें मूळ त्यांच्या डोक्यांतलेंही नाहीं. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर हिस्लॉप नांवाच्या पाद्र्यानें १८५३ सालीं एक पत्रक छापलें व १८५८ सालीं त्याचें मोठें पुस्तक केलें. तेथून ही कल्पना जगभर पसरली. तिची परीक्षा करावयास फार विद्वत्ता नको. सन नीट लावले म्हणजे पुरे.

ख्रिस्तसभेच्या पहिल्या शतकांत महागुरु विधीच्या वेळीं असें शिरोभूषण घालीतच नसत. रोममध्यें पोप मिरवणुकीच्या वेळीं एक साधी, पांढरी, शंकूच्या आकाराची टोपी घालीत. दहाव्या शतकाच्या सुमारास तीच विधींत येऊं लागली. १०४९ सालीं पोप नववे लिओ यांनीं जर्मनींतील ट्रीअरचे आर्चबिशप एबरहार्ड यांस रोमी मायटर घालण्याचा मान दिला, व त्याचा लेख शिल्लक आहे. बाराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पश्चिमेकडील महागुरु सर्वत्र मायटर घालूं लागले. आणि आकार? आरंभीं दोन शिखरें नव्हतींच. मध्यें घडी पडून दोन उंचवटे आले, ते कानांच्या वर, डावीउजवीकडे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोठें तोच मायटर पाव फेरा फिरवून घालण्याची चाल पडली, तेव्हां एक शिखर पुढें व एक मागें आलें, आणि बाजूनें पाहणाऱ्यास ती फट दिसूं लागली, जिला हे लोक माशाचें उघडें तोंड म्हणतात. बाबिलोनचें वैभव लयास जाऊन तोंपर्यंत दीड हजारांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं! मध्यंतरीं तो मासा कोठें पोहत होता? शिवाय खुद्द दागोन हा मासळीचा देव होता, हेंच आतां विद्वान मानीत नाहींत. त्याच्या नांवाचा संबंध ते धान्य ह्या अर्थाच्या शब्दाशीं जोडतात. अशीं चित्रें आलीं तर घाबरूं नये, भांडूंही नये. सन विचारावा.

मायटराच्या मागें दोन पदर लोंबत असतात. ते त्या जुन्या बांधावयाच्या फितीचे अवशेष समजले जातात. फेट्याचा शेमला पाठीवर सोडतात, तद्वत्. मध्ययुगांतील धर्मपंडितांनीं ह्या सर्व अवयवांना अर्थ लाविले. पोप तिसरे इनोसंट यांनीं दोन शिखरें म्हणजे जुना व नवा करार, आणि मागचे दोन पदर म्हणजे शास्त्राचा आत्मा व शास्त्राचें अक्षर, असा अर्थ सांगितला. जुन्या दीक्षाविधींत मायटरास तारणाचें शिरस्त्राण म्हटलें जाई; हल्लींच्या विधींत पावित्र्याच्या तेजाचा उल्लेख असून, मुख्य मेंढपाळ प्रकट होईल तेव्हां मिळणाऱ्या न कोमेजणाऱ्या मुकुटाची आठवण करून दिली जाते. पूर्वीं मायटराचे तीन प्रकार असत, रत्नजडित, सोनेरी व साधा पांढरा, आणि कोणत्या वेळीं कोणता हें लक्षांत ठेवतां ठेवतां विधिप्रमुखांची तिरपीट उडे. १९६८ सालीं रोमनें हा विधि पुष्कळ सोपा केला. त्याआधीं, १९६४ सालीं, पोप सहावे पॉल यांनीं आपला तिहेरी राजमुकुट वेदीवर ठेवून दिला; आणि २००५ सालीं पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं आपल्या मुद्रेवरही त्या मुकुटाच्या जागीं साधा मायटर घेतला. राजाचें चिन्ह गेलें, मेंढपाळाचें राहिलें.

पण मायटराचा खरा अर्थ मला विचाराल, तर तो घालण्यापेक्षां काढण्यांत अधिक दिसतो. रविवारीं आपण नीट पाहा. महागुरुस्वामी मिरवणुकीनें आंत येतील तेव्हां तो डोक्यावर असेल. पहिलें व दुसरें वाचन ऐकतांना ते आसनावर बसलेले असतील व मायटर डोक्यावर असेल. शुभवर्तमानाच्या वाचनाची वेळ आली कीं तो उतरेल. प्रवचन करतांना पुन्हां डोक्यावर येईल. आणि महाप्रार्थनेच्या वेळीं तर मायटराखालची ती लहान गोल टोपीही काढून ठेविली जाईल. म्हणजे ते जेव्हां आपल्याशीं बोलतात, आपणांस शिकवितात, आशीर्वाद देतात, तेव्हां मायटर आहे. आणि जेव्हां देवाशीं बोलतात, किंवा खुद्द प्रभु बोलतो, तेव्हां नाहीं. आपल्या वेदीसेवक मुलांपैकीं एक जण खांद्यावर शाल घेऊन उभा असेल. शालीच्या पदरांनींच तो मायटर धरील, उघड्या हातानें धरणार नाहीं. त्या मुलाच्या हातीं मायटर किती वेळां येतो हें मोजलें तरी विधीचें मर्म पुष्कळसें कळेल.

हा शब्द आणखी एके ठिकाणीं गेला आहे, तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मनुष्याच्या हृदयाच्या डाव्या बाजूस, वरच्या व खालच्या कप्प्यांच्या मध्यें, दोन पाळ्यांची एक झडप असते. फेफड्यांतून शुद्ध होऊन आलेलें रक्त तिच्यांतून खालीं उतरतें, आणि ती मिटली म्हणजे परत वर जाऊं शकत नाहीं. सोळाव्या शतकांतील शरीरशास्त्रज्ञ आंद्रेयास व्हेसालियस, ज्यांचा शरीररचनेवरील महाग्रंथ १५४३ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांस ही झडप महागुरूच्या मायटरासारखी दिसली. म्हणून डॉक्टर लोक आजही तिला मायट्रल झडप म्हणतात. सांधेवाताचा ताप लहानपणीं अंगावर काढल्यामुळें ही झडप बिघडलेलीं माणसें आपल्याही भागांत आहेत, आणि त्यांना हा शब्द देवळांत नव्हे, इस्पितळांत प्रथम ऐकूं आला. तेव्हां मुलांचा घसा सुजून ताप आला व मागाहून सांधे दुखूं लागले, तर घरगुती काढ्यावर विसंबूं नका, डॉक्टरांकडे न्या. एवढें विषयांतर क्षम्य समजावें.

आतां सुताराचा मायटर. इंग्रजींत सतराव्या शतकापासून सांध्याला हें नांव दिलेलें आढळतें, आणि तें महागुरूंच्या शिरोभूषणावरूनच पडलें असावें, असा कोशकारांचा कल आहे. दोन तिरप्या कडा वर जाऊन एका टोंकाशीं मिळतात, हें दोहोंचें साम्य. फ्रेंच भाषेंत मात्र ह्या सांध्याला ‘ओंग्ले’, म्हणजे लहानसें नख, असें म्हणतात, आणि जर्मनांचा शब्द तिसराच आहे. नागपूर व औरंगाबादकडील जुन्या मिशनांत ॲनेसीहून आलेले, संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे जे पाद्री होते, त्यांची मातृभाषा फ्रेंच. त्यांपैकीं कोणास आजचा हा प्रश्न केला असता, तर त्यांना प्रथम त्याचा अर्थच कळला नसता. हा योग इंग्रजीनें जुळविला आणि आमच्या सुतारांनीं तो मराठींत आणला.

सांधा कसा होतो तें ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांच्याकरितां सांगतों. चौकटीचा कोपरा म्हणजे ९० अंशांचा काटकोन. साधा सांधा करावयाचा तर एक पट्टी पूर्ण लांबीची ठेवतात आणि दुसरीचें टोंक तिच्या पोटाशीं टेकवितात. काम लवकर होतें, पण एक पट्टी पुढें राहते, दुसरी तिच्या आड थांबते, आणि पहिलीचें कापलेलें टोंक, जेथें लांकडाच्या रेषांचीं तोंडें उघडीं पडलेलीं असतात, तें बाहेर दिसत राहतें. कूस व खोबण करून सांधा केला तर तो बळकट खरा. पण तेथेंही एक शिरते आणि दुसरी पोट पोखरून घेते. मायटरांत तसें नाहीं. दोन्ही पट्ट्या ४५ अंशांत कापावयाच्या. कोणी कोणावर चढत नाहीं, कोणी कोणाच्या आड जात नाहीं. दोघींचीं उघडीं तोंडें एकमेकींत मिटतात आणि लांकडाची रेघ कोपऱ्यावरून वळून पुढें गेल्यासारखी दिसते. म्हणूनच तसबिरींच्या चौकटी ह्याच सांध्यानें करतात, आणि क्रूसाच्या वाटेचीं जीं चौदा चित्रें आपल्या देवळाच्या भिंतींवर आहेत त्यांच्या छप्पन्न कोपऱ्यांत छप्पन्न मायटर आहेत.

कापतांना अचूकपणा किती लागतो पाहा. चार कोपऱ्यांच्या चौकटीस काप आठ. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला, जो डोळ्यांनाही दिसत नाहीं, तर पहिले तीन कोपरे ठीक जुळतात आणि चौथ्यांत चार अंशांची फट उभी राहते. अडाणी माणूस मग चौथ्या कोपऱ्यास दोष देतो व त्यांत लांबी भरतो. जाणता सुतार गुण्या लावून आठही काप तपासतो.

दुसरी गोष्ट, हा सांधा दिसावयास सुंदर, पण अंगानें दुबळा. कापलेल्या तोंडांकडून लांकूड सरस शोषून घेतें, म्हणून नुसत्या सरसानें तो फार काळ टिकत नाहीं. कोपऱ्यांत आडवी खांच पाडून तींत लांकडाची एक पातळ पट्टी सरसानें बसवावी लागते, म्हणजे ती दोन्ही बाजूंना धरून ठेवते. तीही बाहेरून फारशी दिसत नाहीं.

तिसरी गोष्ट ऋतुमानाची. लांकूड हवेप्रमाणें रुंदींत आकसतें व फुगतें. लांबींत जवळजवळ मुळींच नाहीं. परभणीच्या उन्हाळ्यांत, पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हां, पट्टी रुंदींत आकसते आणि मायटर आंतल्या कोपऱ्यांत उघडतो. पावसाळ्यांत ती फुगते आणि मायटर बाहेरच्या टोंकास उघडतो. म्हणून चांगला कारागीर हिरवें लांकूड घेत नाहीं. पुरतें वाळलेलें सागवान घेतो, आणि तरीही आंतून खीळ किंवा पट्टी घालतो.

बंधुभगिनींनो, आतां आपल्या दुखण्याचें नांव घेतों. आपल्या ह्या धर्मग्रामांत दोन पट्ट्या आहेत. एक आसपासच्या गांवांतील जुन्या मराठी घराण्यांची. त्यांच्या आज्यापणज्यांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां त्यांना गांवकुसाबाहेर राहावें लागत होतें. हीं घरें शेतमजुरीवर, वीटभट्टीवर, हातच्या कसबावर जगलीं आणि त्यांनीं १९७२ च्या दुष्काळांतही रविवार चुकविला नाहीं. दुसरी नोकरीनिमित्त येथें आलेल्यांची. परभणी रेल्वेचें जंक्शन. १९७२ सालींच येथें कृषि विद्यापीठ स्थापन झालें. शाळा, इस्पितळें, कचेऱ्या वाढल्या, आणि केरळांतून, तामिळनाडूंतून, गोमंतकांतून, वसईकडून कुटुंबें आलीं. त्यांनीं येथें शिकविलें, रोग्यांची शुश्रूषा केली, वर्गणी दिली, देवळाचें छप्पर घातलें. दोन्ही पट्ट्या चांगल्या लांकडाच्या आहेत. पण महोत्सवाकरितां दोन स्वागत-समित्या झाल्या. दोन हार, दोन मानपत्रें, एक मराठींत, एक इंग्रजींत. आणि पहिला हार कोणी घालावयाचा ह्यावरून, ज्यांच्या घरीं लग्नकार्यांत एकमेकांनीं वाढपाचें काम केलें, तीं माणसें तीन महिने एकमेकांशीं बोललीं नाहींत. आमच्या पूर्वजांनीं हें देऊळ बांधलें, असें एक म्हणतात. आमच्या पैशानें तें उभें राहिलें, असें दुसरे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण दोघांनाही पूर्ण लांबीची पट्टी राहावयाचें आहे, आणि दुसऱ्यानें आपल्या पोटाशीं येऊन थांबावें अशी इच्छा आहे. असा कोपरा होत नाहीं.

मायटरांत प्रत्येकाला ४५ अंश कापून घ्यावे लागतात. दोघांना सारखेच. एकानें ३० कापून दुसऱ्यास ६० कापावयास लावले, तर कोपरा काटकोन दिसेलही, पण तोंडाशीं तोंड पुरें जुळणार नाहीं. एकाचें टोंक बाहेर येईल आणि आल्यागेल्याच्या अंगरख्याला लागेल. नोकरदार मंडळींनीं मराठी प्रार्थना मराठींतच म्हणावयास शिकावें. वीस वीस वर्षें परभणीचें पाणी प्यालों आणि ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणतां येत नाहीं, हें शोभत नाहीं. आणि गांवच्या मंडळींनीं जो जो इंग्रजी बोलतो तो तो गर्विष्ठ, असें समजणें सोडावें. परक्या मुलुखांत माणूस आपल्या भाषेला चिकटतो तो पुष्कळदां गर्वानें नव्हे, एकटेपणानें.

फट कोठें पडते तेंही मीं पाहिलें आहे. टंचाईच्या दिवसांत ती आंतून पडते. कोणाच्या घरीं चूल पेटली नाहीं हें दुसऱ्या वस्तीस कळतच नाहीं. बाहेरून चौकट घट्ट दिसते. सुबत्तेच्या, सणाच्या दिवसांत ती बाहेरून पडते; तेव्हां हारांवरून, खुर्च्यांवरून भांडणें होतात आणि साऱ्या गांवाला दिसतात. ह्यांपैकीं बाहेरची फट लाजिरवाणी खरी, पण आंतली अधिक वाईट, असें माझें मत आहे. मानपत्राच्या वादांत मजकडे तक्रार घेऊन आलेल्यांची संख्या मोठी होती. गेल्या उन्हाळ्यांत मजुरी बंद असलेल्या घरांविषयीं विचारावयास आलेले फार थोडे. सरस, म्हणजे सणाच्या दिवशींचें गोड बोलणें, एवढ्यानें हा सांधा टिकावयाचा नाहीं. आडवी पट्टी हवी. संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या नांवानें चालणारें गरिबांचें काम हें आपल्यापाशीं तशी पट्टी होऊं शकेल, पण त्यांत आजपर्यंत एकाच वस्तीचीं माणसें आहेत. पुढील महिन्यापासून दोन्हींकडील दोघेदोघे मिळून घरें पाहावयास जातील. नांवें दाराशीं लाविलीं आहेत.

संत पौल इफिसकरांस लिहितांना यहूदी व परराष्ट्रीय ह्या दोघांना एक करणाऱ्या ख्रिस्तास कोनशिला म्हणतो. कोनशिला म्हणजे जेथें दोन भिंती येऊन मिळतात तो दगड. आपला प्रभु स्वतः सुताराच्या घरीं वाढला. मार्काच्या शुभवर्तमानांत तर नासरेथचे लोक त्यालाच सुतार म्हणतात, आणि तेंही हेटाळणीनें. पोप बारावे पायस यांनीं १९५५ सालीं १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफ यांचा सण म्हणून नेमून दिला. पुढें १९६० पासून तोच आपला महाराष्ट्र दिन झाला. त्या दिवशीं आपल्या सुतार बांधवांचीं हत्यारें, करवत, रंधा, पटाशी, गुण्या, वेदीपुढें ठेवून आशीर्वादित करावीं असा माझा विचार आहे. त्यांनीं तीं आणतांना धार लावून आणावीं. बोथट हत्यारावर आशीर्वाद मागणें हा आळशीपणा होय.

रविवारच्या व्यवस्थेविषयीं शेवटचें. स्वागत-समिती एकच राहील. हार एकच, आणि तो धर्मग्रामांतील सर्वांत वृद्ध स्त्री व ह्या वर्षीं प्रथम ख्रिस्तशरीर घेतलेलें सर्वांत लहान मूल, अशीं दोघें मिळून घालतील. तीं कोणत्या वस्तींतील, तें कोणीं मोजूं नये. मानपत्र मराठींत वाचलें जाईल; इंग्रजी मजकूर ह्याच स्मरणिकेंत छापला जाईल. फेटा फाटकाशीं बांधावयाचा; देवळाच्या पायरीवर महागुरुस्वामी तो उतरवून मायटर घेतील, तेव्हां फेटा हातीं घेण्यास कोणीतरी जवळ असावें, नाहींतर गर्दींत तो पायदळीं येईल. शालीचे चारही कोपरे भगिनींनीं तिरपे दुमडून, सुतारांच्याच भाषेंत मायटर घालून, उत्तम शिवले आहेत. शनिवारीं सायंकाळीं पांच वाजतां गायनाची तालीम आहे. दोन्ही गायकवृंदांनीं एकत्र यावें, आपापलीं पुस्तकें आणावीं, आणि पेटी-तबला देवळांतलाच वापरावा.